रांगेत पुढे कोण? फायरवॉलवरच्या प्राधान्यक्रमाचा आढावा

कार्यालय असो, महाविद्यालय असो की सहकारी बँकेची शाखा, नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाकडे एक मागणी हमखास येते: ‘बाकी काही का होईना, साहेबांची मीटिंग अडकता कामा नये.’ कधी मीटिंगच्या जागी ऑनलाइन परीक्षा असते, कधी कोअर बँकिंग, कधी जीएसटी रिटर्न भरायची शेवटची तारीख. मतलब एकच. ठरावीक वेब वाहतूक ओळखायची आणि तिला इतरांच्या पुढे काढायचं. हे करायची जागा म्हणजे फायरवॉल, कारण आतलं सगळं बाहेर आणि बाहेरचं सगळं आत तिथूनच जातं. बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक फायरवॉलमध्ये ‘क्यूओएस’ किंवा ‘ट्रॅफिक शेपिंग’ नावाचं एक पान असतं. तिथे ‘हाय’, ‘मीडियम’, ‘लो’ असे पर्याय दिसतात आणि ‘हाय’वर टिचकी मारली की काम फत्ते झालं असं वाटतं.

या पानामागे चाळीस वर्षांचं संशोधन आहे आणि त्यातला काही भाग आता निकामी झाला आहे. पोर्ट आणि पत्ते पाहून वाहतूक ओळखायची जुनी रीत एन्क्रिप्शनमुळे लंगडी पडली. दुसरीकडे रांग हाताळायच्या पद्धती इतक्या सुधारल्या की पुष्कळ ठिकाणी प्राधान्याची गरजच उरली नाही. तरीही पंधरा वर्षांपूर्वीची नियमावली नव्या फायरवॉलवर जशीच्या तशी उतरवली जाते. म्हणून या विषयाची एकदा नीट झाडाझडती घ्यायला हवी.

कोणी थांबायचं?

प्राधान्य दिल्याने बँडविड्थ वाढत नाही. लाइन मोकळी असेल तर प्राधान्याचा उपयोग शून्य, कारण पॅकेट आलं की लगेच निघून जातं. लाइन भरली, रांग लागली, की मगच पुढचं-मागचं हा प्रश्न उभा राहतो. एकाला पुढे काढायचं म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी थांबवायचं. प्रत्येक ‘हाय’च्या पोटात एक ‘लो’ असतोच, फक्त तो पडद्यावर दिसत नाही.

थोडा हिशेब मांडून पाहू. जी.७११ पद्धतीच्या इंटरनेट कॉलमध्ये दर २० मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं जातात आणि सगळी वेष्टनं धरून एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस लागतात. असे वीस कॉल एकदम चालले तरी दोन एमबीपीएसही भरत नाहीत. १०० एमबीपीएसच्या लीज लाइनवर ही रक्कम किरकोळ आहे. आवाजाला जागा थोडी लागते, पण ती वेळेवर लागते. आयटीयूच्या जी.११४ शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला की बोलणं सहज वाटतं. आता १० एमबीपीएसच्या अपलोडवर १५०० बाइटचं एक पॅकेट बाहेर पडायला १.२ मिलिसेकंद लागतात. कोणी मोठी फाइल चढवत असेल आणि तिची शंभर पॅकेटं आवाजाच्या पॅकेटापुढे उभी असतील, तर १२० मिलिसेकंद तिथेच गेले. फाइलवाल्याला अर्ध्या सेकंदाचा उशीर कळतही नाही, बोलणाऱ्याचं वाक्य मात्र तुटतं. प्राधान्याचा खरा उपयोग इथे आहे: थोड्या पण घाईच्या पॅकेटांना बऱ्याच पण निवांत पॅकेटांच्या पुढे काढणं.

१९८६ पासून आजपर्यंत

गर्दीत नेटवर्क कोसळू शकतं, हा इशारा जॉन नेगल यांनी १९८४ साली आरएफसी ८९६ या इंटरनेटच्या तांत्रिक टिपणात दिला होता. ऑक्टोबर १९८६ मध्ये तो खरा ठरला. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथलंच विद्यापीठ यांच्यात अंतर चारशे यार्डांचं, पण त्यांच्यातला वेग ३२ केबीपीएसवरून सेकंदाला ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा छडा लावला आणि १९८८ मध्ये उपाय मांडला: पॅकेट हरवलं की पाठवणाऱ्याने ती गर्दीची खूण समजावी आणि वेग कमी करावा. टीसीपी आजही मुख्यतः याच तत्त्वावर चालतं. फायरवॉलचा सगळा अधिकारही यातूनच येतो. दूरच्या सर्व्हरला ‘हळू पाठव’ असं सांगायची सोय तिच्याकडे फारशी नसते. ती पॅकेट रोखून धरते किंवा टाकून देते आणि पाठवणारा आपसूक सावरतो.

पॅकेटावर त्याच्या निकडीचा शिक्का असावा ही कल्पना त्याहून जुनी. १९८१ च्या आयपी मानकातच त्यासाठी एक बाइट राखून ठेवला होता, पण तो फारसा वापरला गेला नाही. १९९० च्या दशकात आधी आरक्षणाची वाट चोखाळली गेली. प्रत्येक प्रवाहासाठी वाटेतल्या प्रत्येक राउटरने जागा राखून ठेवायची, अशी ती योजना. जगभरच्या नेटवर्कला हा भार झेपणारा नव्हता. डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या ‘डिफसर्व्ह’ने मागण्या कमी केल्या. त्याच जुन्या बाइटातल्या सहा बिटांत डीएससीपी नावाचा आकडा लिहायचा, ० ते ६३ पैकी एक, आणि राउटरने त्याकडे पाहून ढोबळ वर्गवारी करायची. आवाजासाठी ४६ हा आकडा तेव्हापासून रूढ झाला. संस्थेच्या आत ही पद्धत उत्तम चालते. पॅकेट एकदा उंबरठ्याबाहेर पडलं की सेवा पुरवठादार बहुधा हा शिक्का पुसतात किंवा त्याकडे काणाडोळा करतात. त्यांचंही बरोबरच आहे. नाहीतर प्रत्येकाने आपल्या सगळ्या पॅकेटांवर ४६ चा शिक्का मारला असता.

तिसरा विचार न्याय्य वाटपाचा. कोण महत्त्वाचं हे ठरवायचंच नाही. प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग द्यायची आणि प्रत्येक रांगेतून पाळीपाळीने उचलायचं. नेगल यांनी १९८५ मध्ये ही कल्पना मांडली. १९८९ मध्ये डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी तिला गणिती पाया दिला. १९९५ मध्ये श्रीधर आणि जॉर्ज व्हर्गीस यांनी ‘डेफिसिट राउंड रॉबिन’ ही अगदी कमी खर्चाची पद्धत काढली, आणि वेगवान यंत्रांवरही पाळी लावणं परवडू लागलं. व्हर्गीस हे मुंबई आयआयटीचे १९८१ चे पदवीधर. आज छोट्याशा राउटरमध्ये न्याय्य रांग चालते, तिच्या मुळाशी हीच युक्ती आहे.

फायरवॉल आणि रांगा एकत्र आल्या त्या मुक्त प्रणालींत. ओपनबीएसडीमध्ये २००१ साली पीएफ ही फायरवॉल आली आणि जपानच्या केंजिरो चो यांची ऑल्टक्यू ही रांगव्यवस्था २००३ मध्ये तिच्यात मिसळली. आता जो नियम जोडणीला परवानगी देतो तोच तिची रांगही ठरवू लागला. फ्रीबीएसडीवर लुइजी रिझो यांचं डमीनेट होतं, लिनक्सवर टीसी आणि एचटीबी. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स ही त्याच घराण्यातली पुढची पिढी. सिस्को, फोर्टिनेट, सोफोस, पालो आल्टो यांच्या पेट्यांत नावं वेगळी असली तरी आतली भांडीकुंडी याच जातीची आहेत.

रांग कुठे लागते?

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. खंडाळ्याच्या घाटात कोंडी होत असेल तर पुण्यातल्या चौकात शिट्टी वाजवून ती सुटत नाही. शिस्त घाटाच्या तोंडाशीच लावावी लागते. फायरवॉलपासून मोडेमपर्यंतची केबल एक जीबीपीएसची आणि मोडेमच्या पुढची लाइन १०० एमबीपीएसची असेल, तर रांग मोडेममध्ये लागते आणि फायरवॉल मोकळीच राहते. मोकळ्या फायरवॉलवर दहा प्राधान्यं लावली तरी फरक पडत नाही. म्हणून फायरवॉलवरचा वेग लाइनच्या खऱ्या वेगाच्या ९० ते ९५ टक्क्यांवर मुद्दाम बांधून घेतात. पाच-दहा टक्के वेग सोडून द्यायचा आणि त्या बदल्यात रांग आपल्या ताब्यात आणायची, असा हा सौदा. ४जी किंवा ५जीच्या राखीव लाइनवर तो जमवणं कठीण, कारण तिथला वेग तासातासाला बदलतो.

यातही अपलोड आपल्या हातात असतं, डाउनलोड अर्धंच. खाली येणारं पॅकेट फायरवॉलपाशी पोचतं तेव्हा त्याने अरुंद वाट आधीच ओलांडलेली असते. त्याला तिथे अडवून जागा वाचत नाही. पाठवणारा हळू होईल एवढंच साधतं. त्यामुळे डाउनलोडवरचं प्राधान्य नेहमी थोडं सैल असतं.

अपलोडची एक करामत मात्र प्रसिद्ध आहे. टीसीपीने डाउनलोड करताना घेणारा वरच्या दिशेने पोचपावत्या पाठवत असतो. या पावत्या साधारण ४० ते ५२ बाइटच्या, आत माल काहीच नाही. अपलोड भरलेलं असेल तर त्या मोठ्या पॅकेटांमागे अडकतात आणि पावती वेळेवर न मिळाल्याने तिकडचा सर्व्हर वेग वाढवत नाही. परिणामी अपलोडच्या गर्दीमुळे डाउनलोड बसतं. पीएफचे जनक डॅनिएल हार्टमायर यांनी एकाच नियमाला दोन रांगा जोडायची सोय वापरून यावर तोडगा दाखवला: माल एका रांगेत, रिकाम्या पावत्या दुसऱ्या, वरच्या रांगेत. कोणाचं नुकसान न करता सगळ्यांचा फायदा करणारं प्राधान्य क्वचितच सापडतं. हे त्यातलं एक.

आणखी एक खाचखळगा. वेग वाढवण्यासाठी काही राउटर ओळखीच्या जोडण्यांना आडवाटेने पाठवतात. मायक्रोटिकमध्ये याला फास्टट्रॅक म्हणतात. फास्टट्रॅक झालेल्या जोडण्या सिंपल क्यूला स्पर्शच करत नाहीत. नियम बरोबर, आकडे बरोबर आणि परिणाम मात्र काहीच नाही, अशी तक्रार आली की पहिला संशय इथे घ्यावा.

ओळख पटवायची कशी?

वेब वाहतूक म्हणजे पोर्ट ८० आणि ४४३ असं समीकरण एके काळी पुरेसं होतं. ब्राउझिंग तिथे, मेल दुसऱ्या पोर्टवर, फाइल तिसऱ्या. आज जवळजवळ सगळंच ४४३ वरून जातं: बँकेचं संकेतस्थळ, यूट्यूब, क्लाउडवरचा बॅकअप, विंडोजचे अपडेट. ‘४४३ ला हाय’ असा नियम लिहिणं म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी पुढे यायला सांगणं.

पत्त्यावरून ओळखावं तर अनेकांचा मजकूर पुरवणाऱ्या सीडीएनच्या एकेका पत्त्यामागे असंख्य संकेतस्थळं असतात. नावावरून ओळखावं तर टीएलएस जोडणीच्या सुरुवातीला संकेतस्थळाचं नाव, म्हणजे एसएनआय, उघडं दिसतं आणि बहुतेक फायरवॉल त्यावर विसंबून असतात. पण २०१८ मध्ये टीएलएस १.३ ने प्रमाणपत्र झाकलं, त्याच वर्षी डीएनएसची चौकशीही एचटीटीपीएसमधून पाठवायचं मानक आलं आणि आता खुद्द ते नाव झाकणारी ईसीएच पद्धत ब्राउझरांत उतरली आहे. २०२१ मध्ये मानक झालेल्या क्विक या नव्या वाहतूक पद्धतीने टीसीपीची जागा यूडीपीला दिली, आणि मधल्या पेटीला वाचता येण्याजोगं फार कमी शिल्लक ठेवलं. काही ठिकाणी यूडीपी ४४३ बंदच करतात, म्हणजे ब्राउझर निमूटपणे टीसीपीवर परततो. उपाय चालतो, पण नियमाच्या सोयीसाठी सगळ्यांची नवी, जलद वाट बंद होते.

उरतो तो खोल तपासणीचा मार्ग. एक म्हणजे पॅकेटांचे आकार, त्यांची लय यांवरून अंदाज बांधणं. हा अंदाज कधी चुकतो आणि त्यासाठीच्या स्वाक्षऱ्या सतत ताज्या ठेवाव्या लागतात. दुसरा म्हणजे प्रत्येक संगणकावर संस्थेचं प्रमाणपत्र बसवून एन्क्रिप्शन मध्येच उलगडणं. सुरक्षेसाठी कोणी हे करत असेल तर तो वेगळा विचार. निव्वळ प्राधान्यासाठी लोकांची बंद पाकिटं फोडणं मात्र सरळसरळ अतिरेक आहे. शिवाय बँकांची आणि इतर पुष्कळ ॲप असं मध्ये आलेलं प्रमाणपत्र मानतच नाहीत.

सुदैवाने ज्या वाहतुकीला खरोखर घाई असते ती अजूनही बऱ्यापैकी ओळखू येते, कारण तिचे मालकच ओळख जाहीर करतात. मायक्रोसॉफ्ट टीम्सचा आवाज आणि चित्र यूडीपी ३४७८ ते ३४८१ या पोर्टांकडे जातं. झूमचं ८८०१ ते ८८१० कडे. मायक्रोसॉफ्ट आपल्या सेवांच्या पत्त्यांची यादी प्रसिद्ध करते आणि त्यांतल्या सर्वांत निकडीच्या पत्त्यांचा वेगळा गट सांगते. टीम्सच्या आवाजावर ४६ चा शिक्का मारायची सोय प्रशासकाला मिळते. गंमत अशी की कडक फायरवॉलवर हेच यूडीपी पोर्ट बंद असतात. मग मीटिंग नाइलाजाने टीसीपी ४४३ वर येते, बाकीच्या गर्दीत मिसळते, हरवलेल्या एका पॅकेटासाठी मागची सगळी ताटकळतात, आणि प्रशासक तिला प्राधान्य कसं द्यावं हे शोधत बसतो. चार पोर्ट उघडले असते तर अर्धं दुखणं तिथेच संपलं असतं.

बदललेला खेळ

२०१० च्या सुमाराला जिम गेटिस यांनी घरच्या लाइनचा उशीर तपासताना एक जुनाच आजार ओळखला आणि त्याला ‘बफरब्लोट’ हे नाव मिळालं. स्मृती स्वस्त झाली तशी मोडेम-राउटरमधली साठवणही अवाच्या सवा वाढली. पॅकेटं टाकली जाण्याऐवजी साचत राहतात आणि पाठवणाऱ्याला गर्दीची खूण फार उशिरा मिळते. पाच एमबीपीएसच्या अपलोडपुढे एक मेगाबाइटचा साठा भरला की मागून येणाऱ्या प्रत्येक पॅकेटाला १.६ सेकंद थांबावं लागतं. वेगचाचणी उत्तम आकडा दाखवते आणि मीटिंग मात्र अडकते, यामागे बऱ्याचदा हेच असतं.

कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत आणली. रांग किती लांब आहे हे न पाहता पॅकेट रांगेत किती वेळ उभं होतं हे ती पाहते. हा वेळ १०० मिलिसेकंदांच्या अवधीत सतत ५ मिलिसेकंदांवर राहिला की ती पॅकेटं टाकू लागते. तिला न्याय्य रांगेची जोड मिळून एफक्यू-कोडेल तयार झालं. २०१८ मध्ये त्याची आरएफसी ८२९० निघाली. त्याच वर्षी केक ही पुढची आवृत्ती लिनक्समध्ये आली आणि पीएफसेन्सच्या पडद्यावरही एफक्यू-कोडेल निवडता येऊ लागलं. यातली खुबी अशी की जो प्रवाह थोडी थोडी पॅकेटं पाठवतो तो आपोआप पुढे जातो. डीएनएसची चौकशी, रिकाम्या पावत्या, बोलण्याचा आवाज यांना ओळखावं लागत नाही. त्यांच्या मितव्ययी वागण्यावरूनच त्यांना पुढची जागा मिळते. केक तर संगणकागणिकही वाटप करतं, म्हणजे शंभर जोडण्या उघडणारा एक संगणक शंभर वाटे घेऊ शकत नाही.

या कामाचा प्रचार ज्यांनी अनेक वर्षं केला त्यांत डेव्ह टाट यांचं नाव अग्रभागी आहे. एप्रिल २०२५ मध्ये ते गेले. २०२३ मध्ये आलेलं एल४एस हे मानक उशीर आणखी खाली आणू पाहतं, पण त्यासाठी दोन्ही टोकांनी आणि मधल्यांनी बदलायला हवं. फायरवॉलवाल्याच्या रोजच्या कामात ते यायला वेळ आहे.

वर चढवण्यापेक्षा खाली उतरवणं

एफक्यू-कोडेल किंवा केक लावूनही लाइन अपुरी वाटली तर उलट बाजूने विचार करावा. निकडीची वाहतूक शोधत बसण्यापेक्षा बिननिकडीची, पण अवजड वाहतूक खाली ढकलणं सोपं. रात्रीऐवजी दुपारी सुरू झालेला बॅकअप, सीसीटीव्हीचं क्लाउडवर चढणारं चित्रण, एकाच वेळी पन्नास संगणकांनी ओढलेले अपडेट: ही वाहतूक संस्थेचीच असते, कुठून निघते हे माहीत असतं, आणि तिच्या नशिबी उशीर आला तर कोणी तक्रार करत नाही. अशा ‘सर्वांत शेवटी’ वर्गाचं मानकही आरएफसी ८६२२ या नावाने २०१९ पासून आहे. ओळखण्यात चूक झाली तरी नुकसान बेताचं.

वरच्या वर्गाचं तसं नाही. कडक प्राधान्य दिलेली रांग रिकामी होईपर्यंत खालच्यांना पाळीच मिळत नाही. तिच्यात चुकून एखादं मोठं डाउनलोड शिरलं तर बाकी सगळे उपाशी राहतात. म्हणून वरच्या वर्गाला नेहमी कमाल मर्यादा हवी आणि प्रत्येक खालच्या वर्गाला किमान हमी. एचटीबीमध्ये ‘रेट’ आणि ‘सील’ हे दोन आकडे त्यासाठीच असतात.

हक्काची बाजू

सेवा पुरवठादाराने हेच केलं तर तो वादाचा विषय होतो. अमेरिकेत कॉमकास्टने बिटटॉरेंटची वाहतूक अडवल्याचं २००७ मध्ये उघड झालं आणि पुढच्या वर्षी तिथल्या नियामकाने कंपनीला फटकारलं. भारतात दूरसंचार नियामक ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगळे दर लावायला मनाई केली. निवडक संकेतस्थळं फुकट देणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेचा गाशा त्यामुळेच गुंडाळला गेला. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार खात्याने नेट समानतेच्या शिफारशी मान्य केल्या. हे बंधन पुरवठादारांवर आहे. स्वतःच्या कार्यालयाच्या लाइनवर कोणत्या कामाला आधी जागा द्यायची हे ठरवायला संस्था मोकळी आहे.

मोकळीक आहे म्हणून काहीही चालावं असं मात्र नाही. वसतिगृहातल्या मुलांसाठी महाविद्यालयाची लाइन हीच घरची लाइन असते. तिथे दिवसाचे नियम रात्रीही लावणं अन्यायाचं. प्राधान्य कामाला द्यावं, माणसाला नाही. परीक्षेची वाहतूक वर ठेवण्याचं कारण कोणालाही सांगता येतं, एका विशिष्ट लॅपटॉपला वर ठेवण्याचं कारण सांगताना शब्द अडतात. आणि नियम काय आहेत हे संस्थेतल्या लोकांना माहीत असावं.

मग करायचं काय?

आधी मोजा. लाइन भरलेली असताना पिंगचा उशीर किती वाढतो ते पाहा. वायरवर बरं आणि वायफायवर वाईट दिसलं तर दोष फायरवॉलचा नाही. मग लाइनचा वेग ९० ते ९५ टक्क्यांवर बांधा आणि एफक्यू-कोडेल किंवा केक लावा. मीटिंगचे यूडीपी पोर्ट उघडा. अवजड वाहतूक खालच्या वर्गात किंवा रात्रीवर टाका. एवढ्यावर बहुतेक तक्रारी थांबतात. तरीही उरलं तर आवाज आणि एखाद-दुसरी खरोखर निकडीची सेवा वरच्या वर्गात घ्या, मर्यादेसकट. नियम लिहून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी त्यांतले अनावश्यक काढून टाका. ज्या यादीत वीस गोष्टींना ‘हाय’ आहे तिथे कशालाच प्राधान्य नाही. आणि कामाच्या वेळेत लाइन रोजच काठोकाठ भरत असेल, तर नियमांशी झटत बसू नका. जास्त बँडविड्थ विकत घ्या.